पक्ष्यांची शास्त्रीय नावे ग्रंथागणिक का बदलतात?

१. प्रश्नाचे स्वरूप

चिरक हा महाराष्ट्रातील माळरानांवर, दगडांच्या राशींवर व वस्तीच्या आसपास नित्य दिसणारा लहानसा पक्षी. शब्दकोशात ‘चिरक’ या शब्दापुढे त्याचे शास्त्रीय नाव द्यावे अशा हेतूने एखादा अभ्यासक ग्रंथ चाळू लागला, तर त्याला एक नव्हे, चार नावे आढळतात. लिनियसने १७६६ साली या पक्ष्याला मोटासिला फुलिकाटा असे नाव दिले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ‘हँडबुका’त (१९६८–७४) तो सॅक्सिकोलॉइडेस फुलिकाटा या नावाने येतो. इ. स. २००० नंतरच्या अनेक ग्रंथांत त्याच नावाचे शेवटचे अक्षर बदलून सॅक्सिकोलॉइडेस फुलिकाटस असे रूप दिसते. आणि आजच्या जागतिक याद्यांत तो कॉप्सिकस फुलिकाटस झालेला आहे. पक्षी तोच, त्याचे शीळ घालणे तेच, मराठी नावही तेच. बदलले आहे ते केवळ शास्त्रीय नाव.

शास्त्रीय नावांविषयी सामान्यतः जी समजूत असते तिला या अनुभवाने धक्का बसतो. लोकभाषेतील नावे गावागावाला बदलतात, एकाच नावाने दोन-तीन पक्षी ओळखले जातात, म्हणून तर शास्त्राने सर्व जगासाठी एक स्थिर नाव योजिले, असे मानले जाते. मग ही स्थिरता गेली कोठे? ग्रंथकारांचा हा निष्काळजीपणा समजावा काय? आणि चारांपैकी ‘बरोबर’ नाव कोणते?

या प्रश्नांकडे भाषेच्या अंगाने पाहिले तर असे दिसते की, शास्त्रीय नावांतील बहुतेक भेद हे प्रमाद नसतात. ते तीन निरनिराळ्या प्रकारचे असतात, त्यांची कारणे वेगळी असतात आणि त्यांचे परिणामही वेगळे असतात. कोणता भेद कोणत्या प्रकारचा हे ओळखता येणे, हाच खरा प्रश्न आहे. विशेष म्हणजे, सर्वांत घातक भेद तो, जो डोळ्यांना दिसतच नाही.

२. दोन पदांचे नाव

शास्त्रीय नाव हे द्विपदी असते. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. (येथे ‘जाती’ हा शब्द एका विशिष्ट पक्षिप्रकारासाठी आणि ‘प्रजाती’ हा शब्द निकटच्या जातींच्या समूहासाठी वापरला आहे, वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द पुष्कळदा पहिल्या अर्थाने येतो.) मराठीतही अशी रचना परकी नाही. वनपिंगळा, डोमकावळा, गायबगळा या शब्दांत एक पद वर्ग सांगते आणि दुसरे पद त्या वर्गातील विशेष सांगते. फरक एवढाच की मराठी समासात वर्गवाचक प्रधान पद शेवटी येते, तर शास्त्रीय नावात ते आरंभी येते.

आपल्याकडील शब्दविचारात शब्दांचे यौगिक आणि रूढ असे भेद केलेले आहेत. ज्याचा अर्थ अवयवांच्या अर्थावरून निष्पन्न होतो तो यौगिक. ज्याचा अर्थ केवळ संकेताने ठरतो तो रूढ. हा भेद शास्त्रीय नावाला लावला म्हणजे त्याचे अंतरंग स्पष्ट होते. जातिवाचक पद हे वस्तुतः रूढ आहे. ते केवळ एक खूण आहे. तिचा व्युत्पत्त्यर्थ खरा असो वा खोटा, ती खूण टिकते. प्रजातिवाचक पद मात्र एक विधान करते. ‘हा पक्षी अमुक समूहातील आहे’ असे ते म्हणते. विधान म्हटले की ते खरे-खोटे ठरू शकते. आणि ज्ञान बदलले की विधान बदलावे लागते. म्हणजे एकाच नावात एक पद स्थैर्याच्या बाजूचे आणि एक पद ज्ञानाच्या बाजूचे, अशी ही जोडी आहे. नावांच्या अस्थैर्याचे मूळ या जोडीतच आहे.

या नावांचे नियमन करणारी संहिता आहे. प्राणिनामांचा आरंभ लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून, धरला जातो. १८४२ साली स्ट्रिकलंड याच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये पहिली नियमावली तयार झाली. १८९५ साली प्राणिनामांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याच्या संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे. परंतु एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. ही संहिता नाव कसे द्यावे एवढेच सांगते. कोणता पक्षी कोणत्या समूहात घालावा, दोन पक्षी एकाच जातीचे मानावेत की दोन जातींचे, याविषयी ती मौन पाळते. तो निर्णय अभ्यासकाचा. यास्तव नावातील भेद नियमामुळे उद्भवला की निर्णयामुळे, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

३. पहिल्या पदातील बदल

पहिले पद बदलण्याचे प्रमुख कारण म्हणजे नातेसंबंधांविषयीचे बदललेले मत. लिनियसने साळुंकीला १७६६ साली स्वर्गीय पक्ष्यांच्या पॅराडिसिआ या प्रजातीत घातले होते, हे आज वाचून आश्चर्य वाटते. आज ती अॅक्रिडोथेरेस ट्रिस्टिस आहे. ‘ट्रिस्टिस’ हे पद मात्र लिनियसचेच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या, समावेशक प्रजाती करण्याकडे कल होता. त्यामुळे भांगपाडी मैना अली-रिप्लींच्या ग्रंथात स्टर्नस पॅगोडारम म्हणून येते. पुढे डीएनएच्या अभ्यासावरून या समूहातील शाखा वेगळ्या असल्याचे दिसून आले आणि ती स्टर्निया पॅगोडारम झाली. थापट्या हे बदकही असेच. जुन्या ग्रंथांत तो अॅनास क्लिपिआटा आहे, नव्या ग्रंथांत स्पॅट्युला क्लिपिआटा. येथे ‘स्पॅट्युला’ हे नाव नवे वाटले तरी ते १८२२ सालचे आहे. मध्यंतरी अडगळीत पडलेले नाव ज्ञान बदलताच पुन्हा वापरात आले.

हे बदल एकाच दिशेने होतात असेही नाही. वनपिंगळ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ह्यूम याने १८७३ साली या घुबडाचे वर्णन केले तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नाव दिले. पुढील अभ्यासकांना तो साध्या पिंगळ्याचाच निकटचा आप्त वाटला. म्हणून अली-रिप्लींच्या ग्रंथात तो अथीनी ब्लेविटी आहे. १८८४ नंतर या पक्ष्याची विश्वसनीय नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रॅस्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा आढळला. नव्याने झालेल्या तपासणीत त्याच्या शरीररचनेतील वेगळेपण ठळकपणे दिसले आणि १९९९ पासून हेटेरोग्लॉक्स हे नाव पुन्हा प्रचारात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासाने तो अथीनी या समूहाच्या आतच बसतो असे दाखविले आणि नाव पुन्हा अथीनीकडे वळले. या संपूर्ण फेऱ्यात ‘ब्लेविटी’ हे पद जागचे हललेले नाही. मराठीत आज रूढ असलेले ‘वनपिंगळा’ हे नावही, गंमत अशी की, त्याला पिंगळ्याच्याच वर्गात घालते.

अशा स्थलांतराची खूण शास्त्रीय लेखनात एका साध्या चिन्हाने नोंदलेली असते. हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी ह्यूम, १८७३ असे लिहिताना कर्त्याचे नाव कंसाविना येते. अथीनी ब्लेविटी (ह्यूम, १८७३) असे लिहिताना ते कंसात येते. कंसाचा अर्थ असा की, दुसरे पद या कर्त्याचे, परंतु त्याने हा पक्षी निराळ्या प्रजातीत ठेवला होता. पुष्कळ वाचक या कंसाकडे मुद्रकाची लहर म्हणून दुर्लक्ष करतात. वस्तुतः तो नावाचा संक्षिप्त इतिहास होय.

पहिले पद केवळ नियमामुळेही बदलते. माळढोक हा सलीम अलींच्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’च्या जुन्या आवृत्त्यांत कोरिओटिस नायग्रिसेप्स आहे आणि आज आर्डिओटिस नायग्रिसेप्स. या बदलासाठी माळढोकाचे एक पीसही नव्याने तपासावे लागले नाही. ज्या समूहाला कोरिओटिस म्हणत, त्याच समूहाला आर्डिओटिस हे नाव त्यापूर्वीच, १८५३ साली, दिले गेले होते. एका समूहाला दोन नावे असल्यास आधीचे नाव ग्राह्य, हा अग्रक्रमाचा नियम. त्यानुसार नाव बदलले. येथे ज्ञान बदलले नाही, दप्तर दुरुस्त झाले.

अग्रक्रमानेही निकाल लागत नाही असे प्रसंग येतात. मानेवर ठिपके असलेला होला आणि त्याहून लहान असा तपकिरी होला हे दोघे पूर्वी स्ट्रेप्टोपेलिया या प्रजातीत होते. ते इतर होल्यांपासून वेगळे काढावेत असे ठरले, तेव्हा त्यांच्यासाठी दोन नावे उपलब्ध होती : स्टिग्मॅटोपेलिया आणि स्पिलोपेलिया. दोन्ही सुंदेवाल याने एकाच ग्रंथात दिलेली. एक नाव दुसऱ्यापेक्षा काही ओळी आधी छापले आहे, एवढेच. संहिता ओळींची गणना करीत नाही. अशा वेळी जो अभ्यासक दोन्ही नावांचा विचार करून प्रथम निवड करील त्याची निवड बंधनकारक ठरते. ती निवड १९९७ साली शॉड आणि मेसन यांनी स्पिलोपेलियाच्या बाजूने केलेली होती. हे ध्यानात येईपर्यंत काही ग्रंथांत स्टिग्मॅटोपेलिया हे नाव छापले गेले. परिणामी या एका होल्यासाठी गेल्या काही दशकांच्या ग्रंथांत तीन नावे मिळतात.

४. दुसऱ्या पदातील बदल

दुसरे पद स्थिर असते असे वर म्हटले. पण ते व्याकरणाच्या अधीन असते. शास्त्रीय नावे लॅटिन मानली जातात आणि लॅटिनमध्ये विशेषण विशेष्याच्या लिंगानुसार चालते. ‘काळा घोडा’, ‘काळी घोडी’ असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चिमणीला लिनियसने १७५८ साली फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटले. फ्रिंजिला स्त्रीलिंगी. पुढे चिमणी पॅसर या पुल्लिंगी नावाच्या प्रजातीत गेली, तेव्हा ‘डोमेस्टिका’चे ‘डोमेस्टिकस’ झाले. सोनपाठी सुताराच्या नावात डायनोपियम हे पद नपुंसकलिंगी, म्हणून पुढचे विशेषण ‘बेंघालेन्से’. नीलपंखाच्या नावात तेच विशेषण ‘बेंघालेन्सिस’.

परंतु दुसरे पद नेहमी विशेषणच असते असे नाही. ते नाम असेल तर लिंगानुसार चालत नाही. ‘ब्लेविटी’ म्हणजे ब्लेविटचा, ‘पॅगोडारम’ म्हणजे देवळांचा. ही षष्ठी विभक्तीची रूपे असल्याने पहिले पद कोणतेही असो, ती तशीच राहतात. गायबगळ्याच्या उदाहरणात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. जुन्या ग्रंथांत हा पक्षी बुबुल्कस इबिस आहे, आणि आशियातील पक्षी ही त्याची ‘कोरोमांडस’ नावाची उपजाती. पुढे काही अभ्यासकांनी पूर्वेकडील पक्षी स्वतंत्र जाती मानला. तो झाला बुबुल्कस कोरोमांडस. अलीकडच्या याद्यांत बुबुल्कस ही प्रजाती आर्डिआ या स्त्रीलिंगी प्रजातीत विलीन झाली. त्याबरोबर पश्चिमेकडील पक्षी आर्डिआ इबिस झाला, कारण ‘इबिस’ हे नाम आहे. आणि पूर्वेकडील मात्र आर्डिआ कोरोमांडा झाला, कारण ते पद विशेषण आहे. बोडार्टने १७८३ साली या पक्ष्याला कॅंक्रोमा कोरोमांडा असेच म्हटले होते. म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी पद आपल्या मूळ रूपाला येऊन पोहोचले.

लिंगनिर्णयाविषयीच एकवाक्यता नसली म्हणजे घोटाळा वाढतो. ‘-ओइडेस’, ‘-इडेस’ अशा प्रत्ययान्त प्रजातिनामांना अनेक ग्रंथकार स्त्रीलिंगी समजत. संहितेचा नियम असा की, मूळ कर्त्याने अन्य लिंग स्पष्ट केले नसेल अथवा योजिले नसेल तर अशी नावे पुल्लिंगी धरावीत. डेव्हिड आणि गॉसेलिन यांनी २००२ साली पक्षिनामांच्या लिंगाची पद्धतशीर छाननी केली आणि पुष्कळ नावांची अंत्याक्षरे बदलली. तणमोर हा सिफिओटिडेस इंडिका होता, तो सिफिओटिडेस इंडिकस झाला. चिरकाचे ‘फुलिकाटा’ ते ‘फुलिकाटस’ हे परिवर्तन याच कारणाने घडले. त्याच्या उपजातींची नावेही चालली : ‘इंटरमीडिआ’चे ‘इंटरमीडिअस’ झाले, पण ‘कंबाएन्सिस’, म्हणजे खंबायतचा, हे मात्र बदलले नाही, कारण ‘-एन्सिस’ हे रूप लॅटिनमध्ये पुल्लिंगी व स्त्रीलिंगी दोन्हींत एकच असते.

याउलट काही ठिकाणी जे बदलावेसे वाटते ते बदलता येत नाही. नीलपंखाच्या नावात ‘बेंघालेन्सिस’ असा घकार आहे, तर पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे नाव जिप्स बेंगालेन्सिस असे गकाराने लिहितात. दोन्हींचा अर्थ ‘बंगालचा’. एका ग्रंथात दोन्ही रूपे पाहून दक्ष मुद्रितशोधक त्यांतील एक ‘शुद्ध’ करू पाहतो आणि तेथेच अशुद्धी निर्माण होते. संहितेनुसार मूळ कर्त्याचे लेखन प्रमाण. पहिल्या नावात लिनियसने घकार योजिला, दुसऱ्यात ग्मेलिनने योजिला नाही, आणि लॅटिनीकरणातील वैगुण्य हे दुरुस्तीचे कारण होऊ शकत नाही. अर्थाचेही तसेच. सुगरणीचे नाव प्लोसिअस फिलिपिनस; परंतु सुगरण फिलिपाइन्सची मूळ रहिवासी नाही. पूर्वीच्या एका चुकीच्या स्थलनिर्देशामुळे हे पद जन्माला आले आणि रूढ झाले. चुकीचा अर्थ हे नाव रद्द करण्यास पुरेसे कारण नव्हे. दुसरे पद रूढ असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

५. नाव तेच, अर्थ वेगळा

आतापर्यंतच्या भेदांत नाव बदलले तरी त्याचा विषय असलेला पक्षिसमूह बहुधा तोच राहिला. ते भेद त्रासदायक असले तरी निरुपद्रवी आहेत. सूची पाहिली की उलगडतात. तिसरा प्रकार याच्या उलट आहे. त्यात नाव अक्षरशः तेच राहते, पण त्याची व्याप्ती बदलते. अर्थविचारात ज्याला अर्थसंकोच आणि अर्थविस्तार म्हणतात, तोच हा प्रकार होय. ‘मृग’ हा शब्द एके काळी कोणत्याही वन्य पशूला लागू होता, पुढे तो हरणापुरता उरला. शब्द बदलला नाही म्हणून जुन्या ग्रंथातील प्रत्येक ‘मृग’ हरीण समजणारा वाचक चुकतो. शास्त्रीय नावांच्या बाबतीतही हाच धोका असतो.

जिप्स इंडिकस हे लांब चोचीच्या गिधाडाचे नाव. अली-रिप्लींच्या काळी या नावात दोन प्रकारचे पक्षी अंतर्भूत होते : एक भारतीय द्वीपकल्पातील, सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या कड्यांवर घरटी करणारा, दुसरा हिमालयाच्या पायथ्यापासून गंगेच्या खोऱ्यातून आसामकडे पसरलेला, झाडांवर घरटी करणारा, बारीक चोचीचा. दुसरा प्रकार पहिल्याची उपजाती मानला जाई. २००१ साली रॅस्मुसेन आणि पॅरी यांनी या दोन स्वतंत्र जाती असल्याचे प्रतिपादन केले आणि दुसऱ्या पक्ष्याला जिप्स टेन्युइरोस्ट्रिस हे नाव लाभले. पहिल्या पक्ष्याकडे नियमानुसार जुने नाव राहिले. म्हणजे १९७० च्या ग्रंथातील जिप्स इंडिकस आणि आजच्या ग्रंथातील जिप्स इंडिकस ही एकाच अक्षरांनी लिहिलेली दोन भिन्न नावे आहेत. आसामातील जुनी नोंद आज त्या नावाखाली तशीच उतरून घेतली तर ती चुकीच्या पक्ष्याच्या खाती जमा होते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. नेमक्या याच काळात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले; २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ऱ्हासाचे मोजमाप १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी झालेल्या गणनेशी तुलना करून केले गेले. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट सुमारे ९९.९ टक्के भरली. परंतु लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची घट मात्र वेगवेगळी देता आली नाही. दोन्ही मिळून सुमारे ९७ टक्के, असा एकत्रित आकडाच द्यावा लागला. कारण आरंभीच्या गणनेत हे दोन पक्षी एकाच नावाखाली मोजले गेले होते. एकदा एकत्र मोजलेले पक्षी मागाहून वेगळे करता येत नाहीत. जे भेद नावात नव्हते ते नोंदीतही आले नाहीत, आणि त्यातील बहुसंख्य पक्षी आज पुन्हा मोजण्यासाठी उरलेले नाहीत.

६. समकालीन ग्रंथांतही एकमत का नाही?

कालानुसार नावे बदलणे समजू शकते. परंतु एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांतही नावे निराळी का असावीत? याचे कारण असे की प्रत्येक संदर्भग्रंथ कोणत्या ना कोणत्या यादीवर उभा असतो. पीटर्सने आरंभिलेली जगातील पक्ष्यांची सूची १९३१ पासून अनेक दशके खंडशः निघत होती. अली-रिप्लींच्या ग्रंथामागे रिप्लीची १९६१ ची सूची आहे. पुढे एकाहून अधिक जागतिक याद्या समांतर चालू राहिल्या. त्यांचे निकष एक नव्हते. काहींनी जाती ठरविताना परस्परसंकर होतो की नाही यावर भर दिला, काहींनी वंशावळीतील स्वतंत्र शाखा पाहिली. बर्डलाइफच्या यादीने रंग, आकारमान, आवाज इत्यादींतील फरकांना गुण देऊन त्यांची बेरीज सात किंवा अधिक झाल्यास स्वतंत्र जाती मानण्याची पद्धत स्वीकारली. निकष वेगळा तर निष्पत्ती वेगळी. म्हणूनच डोमकावळा काही याद्यांत कॉर्वस मॅक्रोर्‍हिंकोस या विस्तृत जातीत मोडतो, तर काहींत कॉर्वस कल्मिनॅटस ही भारतीय जाती ठरतो. हे दुसरे नाव नवे नाही. दख्खनच्या पक्ष्यांची सूची करणाऱ्या कर्नल साइक्स याने ते १८३२ सालीच दिलेले होते.

ही विविधता कमी करण्याचे यत्न चालू आहेत. संहितेनेही स्थैर्यासाठी अग्रक्रमाला मुरड घातली आहे : जुने नाव १८९९ नंतर ग्राह्य नाव म्हणून वापरलेच गेले नसेल, आणि प्रचलित नाव गेल्या ५० वर्षांत निदान १० लेखकांच्या २५ कृतींत, किमान १० वर्षांच्या अवधीत पसरून, आलेले असेल, तर प्रचलित नावच टिकविता येते. व्याकरणात ज्याप्रमाणे रूढी शास्त्राहून बलवान ठरते, त्याचप्रमाणे येथेही. वर्गीकरणाच्या बाजूने पाहता, अनेक संस्थांच्या सहकार्याने तयार झालेली ‘अॅव्हिलिस्ट’ ही एकत्रित जागतिक यादी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ११,१३१ जाती मानल्या आहेत. अशा यादीने समकालीन ग्रंथांतील भेद घटतील. मात्र छापून झालेल्या ग्रंथांतील नावे तशीच राहणार, आणि ज्ञान वाढेल तशी ही यादीही आवृत्तीगणिक बदलणार, हे गृहीत धरले पाहिजे.

७. मराठी कोशकार्याच्या दृष्टीने

मराठीतील पक्षिनामांचा अभ्यास करणाऱ्याला या सर्वाचे प्रयोजन प्रत्यक्ष आहे. जुन्या कोशांत पक्षिनामापुढे ‘एक पक्षी’ किंवा ‘पक्षिविशेष’ एवढाच अर्थ पुष्कळदा आढळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी आजचा कोशकार शास्त्रीय नाव देतो आणि अर्थ कायमचा निश्चित झाला असे समजतो. परंतु शास्त्रीय नाव हीदेखील एका विशिष्ट काळी, विशिष्ट यादीच्या आधारे केलेली नोंद असते. मोठ्या कोशांचे खंड दशकानुदशके निघत राहतात. तेव्हा एकाच कोशाच्या दोन खंडांत एका पक्ष्याची दोन नावे येणे अगदी संभवनीय आहे. बोलींच्या पाहणीत एका जिल्ह्याच्या शब्दसूचीत सॅक्सिकोलॉइडेस आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या सूचीत कॉप्सिकस असे असेल, तर दोन शब्द दोन पक्ष्यांचे ठरविण्याचा मोह होईल. आणि दोन्हीकडे जिप्स इंडिकस असेल, तर पक्षी एकच, असे निःशंकपणे मानले जाईल. पहिली चूक सहज दुरुस्त होते. दुसरी चूक सापडतच नाही.

यावरून काही व्यावहारिक पथ्ये निष्पन्न होतात. दोन ग्रंथांतील नावांची तुलना करताना प्रथम दुसरे पद पाहावे. ते अंत्याक्षर वगळता समान असेल आणि मूळ कर्ता व वर्षही तेच असेल, तर दोन्ही नावे बहुधा एकाच मूळ वर्णनाकडे निर्देश करीत असतात. मात्र नावे समान दिसली तरी त्या त्या ग्रंथात त्या नावाची व्याप्ती किती, त्यात कोणत्या उपजाती अंतर्भूत आहेत, हे तपासल्यावाचून पक्षी एकच असल्याचा निष्कर्ष काढू नये. स्वतः नोंद करताना शास्त्रीय नावाबरोबर कर्ता व वर्ष द्यावे, कंस असल्यास तो गाळू नये, आणि कोणत्या यादीची कोणती आवृत्ती अनुसरली हे प्रस्तावनेत एकदा सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पक्षी कोठे पाहिला, कोणी ते नाव सांगितले व पक्ष्याची कोणती लक्षणे दिसली, हे मूळ टिपणात लिहून ठेवावे. नाव पुढे बदलता येते. न लिहिलेले लक्षण मागाहून मिळवता येत नाही.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चिरकाच्या चार नावांपैकी एकही त्या त्या काळी चुकीचे समजले जात नव्हते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा बदल वर्गीकरणाचा, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचा व्याकरणाचा, आणि तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचा पुन्हा वर्गीकरणाचा. डीएनएच्या पुराव्यावरून चिरक हा दयाळाच्या समूहात जाऊन बसला आणि त्या समूहाचे १८२७ चे कॉप्सिकस हे नाव जुने असल्याने तेच टिकले. ग्रंथाग्रंथांतील नावांचा भेद हा ज्ञानाच्या वाटचालीचा आलेख आहे. तो वाचता येत नसेल तेव्हाच तो गोंधळ वाटतो.